चंद्रावरची गंगाजळी

माल कितीही स्वस्त मिळाला तरी त्यावर भाडे आणि हमाली चढते आणि मगच त्याची खरी पडतळ निघते, हे शहागंजच्या बाजारपेठेत व्यापार करणाऱ्या कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. अवकाश संशोधनाचे अर्थकारणही आज या भाड्यापाशीच अडले आहे.

आपल्या चांद्रयान-३ चाच हिशेब पाहू. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या प्रक्षेपकाचे उड्डाणसमयीचे वजन सुमारे ६४० टन होते. त्याने वाहून नेलेले यान ३,९०० किलोंचे, म्हणजे चार टनांहूनही कमी. त्यातला प्रत्यक्ष चंद्रावर उतरणारा ‘विक्रम’ १,७५२ किलोंचा, आणि त्यातही मोठा वाटा उतरताना जळणाऱ्या इंधनाचा. अशा भाड्याने पिण्याचे पाणी, श्वासासाठी प्राणवायू आणि परतीचे इंधन पृथ्वीवरून सतत नेत राहणे कोणत्याही देशाच्या तिजोरीस परवडणार नाही. जेथे जावयाचे तेथेच पाणी व ऊर्जा मिळवणे, हाच त्यावरील उपाय होय.

या शोधात भारताचा वाटा मोलाचा आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वर अमेरिकेच्या नासा संस्थेचे एक उपकरण बसवलेले होते. चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचा अंश असल्याचा पुरावा त्याने दिला आणि तो सप्टेंबर २००९ मध्ये जगापुढे आला. पुढील महिन्यात नासाने दक्षिण ध्रुवाजवळील ‘कॅबियस’ विवरात रॉकेटचा एक रिकामा टप्पा आदळवला. उडालेल्या मातीत वजनाच्या सुमारे पाच ते सहा टक्के पाणी आढळले. ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत. तेथील कडाक्याच्या थंडीत बर्फ अब्जावधी वर्षे टिकून राहतो.

पाण्याचे मोल केवळ तहान भागवण्यापुरते नाही. वीज वापरून नऊ किलो पाण्याचे विघटन केले, तर आठ किलो प्राणवायू आणि एक किलो हायड्रोजन मिळतो. आपल्या प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्यात हीच जोडी द्रवरूपात इंधन म्हणून जळते. पाणी, हवा आणि इंधन अशी तिन्ही खाती एकाच ठेवीतून भागतात, ती अशी.

मात्र ती वीज आणावयाची कोठून? विक्रमची सौर पॅनेल ७३८ वॅट वीज देत, म्हणजे घरातील मिक्सरला लागते जवळपास तेवढीच. चंद्रावरील दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा आणि रात्रही तितकीच लांब. २३ ऑगस्टला उतरलेला विक्रम सप्टेंबरच्या प्रारंभी निद्रावस्थेत ठेवला गेला, तो त्या गोठवणाऱ्या रात्रीनंतर पुन्हा जागा झाला नाही. जेथे बर्फ तेथे ऊन नाही, आणि जेथे ऊन तेथे बर्फ नाही, असा हा पेच आहे. ध्रुवाजवळील काही विवरांच्या कडांवर वर्षाचा बराच काळ ऊन असते. तेथे वीज निर्माण करून ती तळाच्या अंधारात पोहोचवणे, हा त्यावरचा एक मार्ग मानला जातो.

आपल्या शहराला या दोन्ही व्यवस्था परिचित आहेत. पाणचक्कीत डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेले पाणी उंचीवरून पडते आणि जाते फिरवते. तेथे पाण्याबरोबर ऊर्जाही आपोआप येते. उलट नाथसागराचे पाणी विजेच्या पंपांनी उचलून शहरापर्यंत आणावे लागते. चंद्रावर दुसऱ्या प्रकारचीच व्यवस्था संभवते. शिवाय नाथसागर पावसाळ्यात पुन्हा भरतो. चंद्रावर पाऊस नाही.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला काळजी वाटते ती येथेच. हा बर्फ म्हणजे व्याज नव्हे, मुद्दल आहे. पिण्याचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. परंतु इंधन म्हणून जाळलेले पाणी खात्यात परत येत नाही. शिवाय खातेदार कोण, हेही पुरते ठरलेले नाही. १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कोणताही देश मालकी सांगू शकत नाही. तरी उपसलेल्या साधनसंपत्तीवर आपल्या नागरिकांचा हक्क अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने मान्य केला. चंद्रावरील साधनसंपत्तीच्या वापरास मान्यता देणाऱ्या आर्टेमिस करारावर भारतानेही जून २०२३ मध्ये स्वाक्षरी केली आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. ज्यांच्या नावाने ‘विक्रम’ ओळखला जातो ते डॉ. विक्रम साराभाई अहमदाबादच्या गिरणीमालक जैन घराण्यातले. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाच्या वालचंदनगर येथील कारखान्यातून इस्रोच्या प्रक्षेपकांचे भाग जातात. २०२० पासून हे क्षेत्र खासगी उद्योगांसही अधिक खुले झाले आहे. आपली मुले उद्या या व्यवहारात उतरतील, तेव्हा त्याचे नियम आज कसे होतात याकडे आपले लक्ष हवे.

तारणाचे मूल्यांकन झाल्यावाचून बँक कर्ज मंजूर करीत नाही. ध्रुवाजवळ उतरून, जमीन खोदून पाणी नेमके किती व कोणत्या स्वरूपात आहे हे तपासण्यासाठी भारत आणि जपान संयुक्त मोहीम आखत आहेत. ते मोजमाप हाती येईपर्यंत या मुद्दलाला कोणी हात लावू नये, आणि नंतरही उचल किती करावयाची याची मर्यादा सर्वांनी मिळून ठरवावी, ही भूमिका पाण्याच्या शोधात सहभागी असलेल्या भारतानेच आग्रहाने मांडावयास हवी.