गावाच्या नावाची नोट

बँकेच्या नोकरीत उभे आयुष्य गेले. काउंटरवर एखादी आजीबाई मुदत ठेवीची पावती जपून पुढे करायची आणि विचारायची, "साहेब, पैसे बुडणार नाहीत ना?" मी हसून म्हणायचो, "आजी, निर्धास्त राहा." निवृत्तीनंतर जर्मनीतल्या १९२३ सालची हकिगत वाचली आणि त्या हसण्याची लाज वाटली.

१९१४ साली महायुद्ध सुरू होताच जर्मनीत सुटी नाणी दिसेनाशी झाली. काही लोकांनी घरात दडवली, पुढे धातू युद्धाकडे वळला. तेव्हा नगरपालिका आणि कारखाने यांनी स्वतःच्या नोटा छापल्या. त्यांना म्हणतात ‘नोटगेल्ड’. यातला ‘नोट’ आपला नव्हे. जर्मनमध्ये त्याचा अर्थ निकड, आणि ‘गेल्ड’ म्हणजे पैसा. युद्धानंतर संग्राहकांसाठी रंगीत, सचित्र नोटा निघू लागल्या. बिलेफेल्ड शहराने तर रेशमावर नोटा छापल्या. हॅमेलिनच्या नोटांवर तिथला बासरीवाला आला. गावाने कबूल केलेली बिदागी बुडवली, म्हणून मुले घेऊन गेला तोच!

१९२३ मध्ये ही हौस संपली. जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजांनी रुहर खोरे व्यापले. असहकार करणाऱ्या तिथल्या कामगारांना पोसण्यासाठी सरकारने आणखी नोटा छापल्या. आधीच घसरलेला मार्क कोसळला. मध्यवर्ती बँकेचे छापखाने अपुरे पडले. पगार वाटायला गावोगावी पुन्हा नोटा निघाल्या, घाईत कित्येक एकाच बाजूने छापलेल्या. युद्धापूर्वी डॉलरला सुमारे ४.२० मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये पडू लागले ४ लाख २० हजार कोटी!

१५ नोव्हेंबरला ‘रेंटेनमार्क’ हे नवे चलन आले. एका नव्या मार्काला एक लाख कोटी जुने मार्क, असा हिशेब ठरला. भाव स्थिरावले. पण तोवर कर्जदार कवडीमोल नोटांनी कर्ज फेडून मोकळे झाले होते आणि जन्मभर काटकसर करणारे ठेवीदार नागवले गेले होते. १९२५च्या कायद्याने त्यांना ठेवीचा थोडाच अंश परत मिळाला.

मला सारखे ते पासबुक दिसते. नोंदी बिनचूक, व्याज जमा, बेरीज बरोबर. कारकुनाची काहीच चूक नाही. फक्त त्या रकमेत पाव येत नाही.

आमच्या आजीबाईंना मी बँकेची ग्वाही देत होतो. त्यांना विचारायचे होते ते वेगळेच: मुदत संपेल तेव्हा या पैशांत तांदूळ किती येतील?