नासागुहेतील विरळ अर्बुदे

पडसे झाले म्हणजे बहुधा दोन्ही नाकपुड्या चोंदतात. परंतु एकच नाकपुडी आठवडेच्या आठवडे बंद राहू लागली व तिच्यातूनच वारंवार रक्त येऊ लागले, की डॉक्टरांनी सावध व्हावयास हवे. नासागुहेतील मारक अर्बुदे इतकी विरळ आहेत की त्यांची शंका सहसा कोणाला येत नाही. रोगी सर्दीची औषधे घेत राहतो आणि महिने निघून जातात.

यांपैकी एक अर्बुद गंध ओळखणाऱ्या पटलातूनच उद्भवते. त्याचे पहिले वर्णन १९२४ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. नासागुहेचे छत म्हणजे चाळणीसारखे एक पातळ, सच्छिद्र हाड. त्याच्या छिद्रांतून गंधाचे मज्जातंतू मेंदूकडे जातात. त्याच वाटेने हे अर्बुदही कवटीत शिरू शकते.

दुर्बिणीतून गोळा दिसला, की त्याचा तुकडा काढून तपासावा असे कोणालाही वाटेल. येथे मात्र घाई घातक ठरते. किशोरवयीन मुलांत आढळणारे एक सौम्य अर्बुद रक्तवाहिन्यांनी इतके गच्च भरलेले असते, की त्याला चिमटा लावताच रक्तस्राव आवरेनासा होतो. क्वचित तो गोळा अर्बुद नसून हाडातील फटीतून खाली उतरलेला मेंदूचाच भाग असतो! म्हणून प्रथम सी. टी. व एम. आर. आय. या तपासण्या कराव्या लागतात. पहिलीत हाड कोठे झिजले ते कळते. दुसरीत अर्बुद कोणते व त्यामागे तुंबलेला शेंबूड कोणता, हे वेगळे काढता येते.

त्यानंतरच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो, आणि तेथेही पेच असतोच. लहान, गोल पेशींची अनेक अर्बुदे सारखीच दिसतात. विशेष रंजके वापरून त्यांतील भेद ठरवावा लागतो. हा केवळ नावाचा वाद नव्हे. लसिका-पेशींचे अर्बुद औषधांनी व किरणोपचाराने हटविता येते, तेथे मोठी शस्त्रक्रिया व्यर्थ होय; गंधपटलाचे अर्बुद मात्र मुळासकट कापून काढावे लागते, व पुष्कळदा त्यानंतर किरणोपचारही द्यावे लागतात. पूर्वी यासाठी चेहरा व कवटी दोन्ही उघडीत. आता निवडक रोग्यांत हे काम नाकातूनच, दुर्बिणीच्या साहाय्याने होते. छताचे हाड काढल्यावर मेंदू व नाक यांच्यामध्ये रोग्याच्याच नाकातील अस्तराचा पडदा बसवितात.

या शस्त्रक्रियेत वासाची जाणीव बहुधा जाते. शिवाय हे अर्बुद दहा वर्षांनंतरही उलटू शकते. म्हणून बरे वाटू लागलेल्या रोग्यालाही वर्षानुवर्षे तपासणीस यावे लागते.