झेडपीची शाळा चांगली की वाईट? तेरसारख्या गावात शाळेचे आकडे कसे वाचायचे

तेर म्हटलं की दोन गोष्टी पटकन आठवतात. एक संत गोरोबा काका आणि दुसरी जुनी 'तगर' नगरी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचं नाव आहे. इथलं कापड भडोचच्या बंदरापर्यंत जायचं. गावातलं लामतुरे संग्रहालय याच वैभवाची साक्ष देतं.

पण तेरमध्ये किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात जून उजाडला की घराघरात वेगळीच चर्चा असते. पोराला सहावीला कुठं घालायचं? झेडपीत ठेवायचं, की गाडी लावून इंग्रजी शाळेत पाठवायचं? मग व्हॉट्सअॅपवर कुणीतरी आकडे टाकतं, "पट बघा किती घसरला," आणि निकाल लागतो. आता हे आकडे नेमकं काय सांगतात आणि काय लपवतात, ते बघू.

आकडे येतात कुठून?

देशातल्या प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, धाराशिवचे २९. त्यानंतर तालुका, गाव आणि शेवटी शाळा. हा क्रमांक टाकला की यूडायस प्लसच्या पोर्टलवर शाळेचं रिपोर्ट कार्ड कुणालाही बघता येतं. वर्गनिहाय मुलं-मुली किती, सामाजिक प्रवर्गानुसार किती, दिव्यांग विद्यार्थी किती, शिक्षक किती, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हे सगळं त्यात असतं.

पण पोरांना वाचता येतं का, भागाकार जमतो का, हे त्यात नसतं. म्हणजे या कार्डावरून शाळेत कोण शिकतं हे कळतं, किती शिकतं हे कळत नाही. निम्मी भांडणं इथंच सुरू होतात.

३० सप्टेंबरची गोम

शाळेचा पट मोजण्याची ठरलेली तारीख ३० सप्टेंबर. याच पटावरून संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. पट घटला की पद जातं.

आता धाराशिव जिल्ह्याचं वास्तव बघा. इथून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती साधारण दिवाळीच्या आसपास. म्हणजे सप्टेंबरला पटावर असलेलं पोरगं डिसेंबरमध्ये फडावर असू शकतं. कागदावर त्याचं नाव शाळेतच असतं. आई-बाप तोडीला गेले तरी मुलांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली का, याचं उत्तर पटाच्या आकड्यात सापडत नाही. त्यासाठी जानेवारीची हजेरी बघावी लागते.

आठवीत शून्य पोरं म्हणजे गळती?

शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवी म्हणजे उच्च प्राथमिक. पण आपल्याकडे जुन्या रचनेत झेडपीच्या बऱ्याच शाळा सातवीपर्यंतच आहेत. आठवीला मुलं हायस्कूलला जातात. त्यामुळं कार्डावर आठवीपुढं शून्य दिसलं तर आधी शाळा कितवीपर्यंत आहे ते बघायचं. सातवीची मुलं पुढं कुठल्या शाळेत दाखल झाली, हा खरा प्रश्न. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आवर्जून विचारायचा.

मग गुणवत्ता कशी कळणार?

राष्ट्रीय पातळीवरच्या चाचण्या नमुना पद्धतीनं होतात. डिसेंबर २०२४ मध्ये परख सर्वेक्षण झालं ते तिसरी, सहावी आणि नववीसाठी. त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं, तुमच्या गावातल्या शाळेचं नाही.

म्हणून गावात चर्चा होते ती शिष्यवृत्ती, नवोदय आणि एनएमएमएसची. एनएमएमएस ही आठवीतली परीक्षा. त्यात निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. शेतमजुराच्या घरात ही रक्कम मोठी असते.

पण इथंही एक मेख आहे. समजा वर्गात ४० मुलं आहेत. १० जणांना परीक्षेला बसवलं, ८ पास झाले. शाळा म्हणणार ८० टक्के निकाल. वर्गाच्या हिशोबानं तो २० टक्केच. उरलेल्या ३० मुलांचं काय, हे फ्लेक्सवर कधीच छापलं जात नाही. आणि वर्ग १२ मुलांचा असेल तर एका मुलामुळं निकाल आठ टक्क्यांनी हलतो. तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावर शाळा जोखायची नाही.

शाळेत कोण उरलंय, तेही बघा

२०११ च्या जनगणनेत धाराशिव जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के होती, राज्याची ८२ टक्क्यांच्या वर. जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे १६ टक्के. २०१८ मध्ये केंद्रानं देशभरातले आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, होतं.

ज्यांना परवडतं ते पोरं बाहेर नेतात. मग झेडपीत उरतात मजुरांची, अल्पभूधारकांची, घरात पहिल्यांदाच शिकणारी मुलं. अशा वेळी सरासरी गुण खाली आले तर शिकवणं बिघडलंच असं नाही, वर्ग बदललेला असतो. दोन शाळांच्या निकालाची तुलना करण्यापेक्षा तेच मूल सहावीत कुठं होतं आणि आठवीत कुठं पोहोचलं, हे बघणं जास्त खरं.

हे विचारायचं कुठं?

त्यासाठी कायद्यानंच जागा दिलीय, ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागं एक शिक्षक, विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्राला किमान एकेक शिक्षक, हे निकषही कायद्यातच आहेत.

त्यामुळं पुढच्या बैठकीत चार प्रश्न विचारा. जानेवारीत हजेरी किती होती? गणित-विज्ञानाचं पद भरलेलं आहे का? परीक्षेला वर्गातले किती बसले? आणि गेल्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेल्या मुली आज कुठं शिकतायत? यांची उत्तरं मिळाली की पट किती घसरला हेही नीट कळेल, आणि का घसरला हेही.