आरपार आणि उघड

पारदर्शक पदार्थातून प्रकाश न विखुरता आरपार जातो, म्हणून त्याच्या पलीकडची वस्तू स्पष्ट दिसते. काच, हवा आणि स्वच्छ पाणी ही शाळेच्या पुस्तकातली ठरलेली उदाहरणे. रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या खाडीपट्ट्यात त्याहून बोलके उदाहरण सापडते ते मिठाचे. मिठागरातला एखादा मोठा, स्वच्छ खडा उजेडात धरला तर तो बराचसा काचेसारखा दिसतो. त्याच खड्यांची रास मात्र पांढरी आणि अपारदर्शक. पदार्थ बदललेला नसतो. राशीत असंख्य पृष्ठभाग असतात आणि प्रत्येक ठिकाणी, मीठ व हवा यांच्या सीमेवर, प्रकाशाचा काही भाग परततो, काही भाग वळतो. सगळ्या दिशांना उधळलेला हा प्रकाश डोळ्याला पांढरा दिसतो. काच कुटल्यावर तिची पूड पांढरी होते ती याचमुळे. उलटही घडते. भज्यांच्या पुडीचा कागद तेलाने अर्धपारदर्शक होतो, कारण तंतूंमधल्या हवेची जागा तेल घेते आणि प्रकाशाचे विखुरणे कमी होते.

पारदर्शकता हा पदार्थाचा सरसकट गुण नव्हे. कोणत्या प्रकाशासाठी, हे सांगावे लागते. खिडकीची साधी काच दृश्य प्रकाश सोडते, पण अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते. मानवी त्वचा डोळ्याला अपारदर्शक, क्ष-किरणांना मात्र वाट देणारी.

इंग्रजीत ‘ट्रान्सपरंट’ या शब्दाचे लाक्षणिक अर्थ अनेक आहेत आणि ते एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. झिरझिरीत कापड पारदर्शक, आणि सहज पकडले जाणारे खोटेही पारदर्शक. तिथे हा शब्द टीकेचा आहे. मराठीत अशा वेळी ‘धडधडीत खोटे’ म्हणतात. मनात एक आणि ओठांवर एक असे नसलेल्या माणसाला इंग्रजी हाच शब्द कौतुकाने लावते. संगणकाच्या परिभाषेत तर अर्थ जवळजवळ उलटतो. जी यंत्रणा वापरणाऱ्याला जाणवतच नाही, मध्ये काय चालले आहे हे त्याला कळायची गरजच पडत नाही, ती पारदर्शक. कारभाराची पारदर्शकता म्हणजे याच्या नेमके विरुद्ध: मधली यंत्रणाच दिसली पाहिजे. निर्णय कोणी घेतला, कोणत्या कागदाच्या आधारे घेतला, पैसा कुठे गेला, हे ज्याच्यावर परिणाम होतो त्याला पाहता यावे. मराठी वृत्तपत्रांत आणि जाहीरनाम्यांत रुळलेला ‘पारदर्शक कारभार’ हाच. त्याचा वापर इतका सैल झाला आहे की कोणाला, काय आणि केव्हा दिसणार हे विचारल्याशिवाय त्यातून काहीच कळत नाही.

कारभार दिसला पाहिजे या मागणीचा एक जुना धागा रोह्याला येतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे रोह्याशी घरचे नाते. मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. 1959 मध्ये, मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी स्वतंत्र, निःपक्ष न्यायाधिकरणाकडे द्यावी अशी जाहीर मागणी त्यांनी केली. पंतप्रधान नेहरूंनी ती मानली नाही. सामान्य नागरिकाला कागद मागण्याचा हक्क मिळायला आणखी बरीच वर्षे लागली. महाराष्ट्राने केंद्राच्या आधीच माहिती अधिकाराचा कायदा केला. देशभराचा कायदा ऑक्टोबर 2005 पासून पूर्णपणे लागू झाला. अर्ज केल्यावर साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देण्याचे बंधन त्यात आहे. त्याचे चौथे कलम अधिक महत्त्वाचे, कारण कोणी न मागताही कार्यालयाने आपली माहिती प्रसिद्ध करावी असे ते सांगते. पाळले जाते ते मात्र कमीच.

पेण तालुक्याने दोन वर्षांच्या अंतराने पारदर्शकतेचे दोन वेगवेगळे अनुभव घेतले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्याच्या प्रश्नावर 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. भूसंपादनात असे मत घेणे देशात दुर्मीळच. मत विचारले उघडपणे. निकाल मात्र गावकऱ्यांसमोर लगेच मांडला गेला नाही, अहवाल सरकारकडे गेला. एकाच प्रक्रियेचा अर्धा भाग दिसला, अर्धा झाकलेला राहिला.

दुसरा अनुभव पेण अर्बन बँकेचा. 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या व्यवहारांवर निर्बंध आणले, लाखाहून अधिक खातेदारांचे पैसे अडकले आणि तपासात बोगस कर्जखाती पुढे आली. सहकारी संस्थेत ताळेबंद, लेखापरीक्षण, वार्षिक सभा हे सगळे असते, म्हणजे कागद तयार होत असतात. पण ताळेबंदात कर्जाचा आकडा एकत्रित छापलेला असतो. त्यामागचे कर्जदार खरे की खोटे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

बँकांची अशी माहिती मिळण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने दोन दिशांनी पावले टाकली. माहिती अधिकाराचा कायदा सहकारी संस्थांना सरसकट लागू होत नाही, शासनाचे भरीव अर्थसाहाय्य किंवा नियंत्रण असेल तरच होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात दिला. 2015 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, बँकांच्या तपासणीची माहिती रिझर्व्ह बँकेला विश्वासाच्या नात्याची सबब सांगून दडवता येणार नाही. म्हणजे बँकेच्या दारात न मिळणारी काही माहिती नियामकाकडून मिळू शकते. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचे 32 वे कलम सभासदाला उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहू देते. दुसऱ्याचे कर्जखाते त्या यादीत नाही. नुसती ठेव ठेवणारा, सभासद नसलेला खातेदार तर या कलमाच्या बाहेरच राहतो.