मरहूमांची विसरलेली ठेव

घराला आणि जमिनीला वारस लगेच मिळतात. बँकेतील ठेवीला मात्र कित्येकदा वारसच मिळत नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. वडिलांनी आखातात नोकरी करताना तालुक्याच्या बँकेत पैसे ठेवलेले असतात. पावती पेटीच्या तळाशी राहते, त्यांचा इंतकाल होतो आणि मुलांना ठेवीची खबरही नसते. अशा बेवारस ठेवींपोटी रिझर्व्ह बँकेच्या निधीत मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये पडून होते.

पैसे बुडत नाहीत

खातेदाराने दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही, तर बचत खाते निष्क्रिय ठरते. बचत खाते दहा वर्षे निष्क्रिय राहिले, किंवा मुदत संपल्यावर ठेव दहा वर्षे कोणी मागितली नाही, की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरते. ही व्यवस्था २०१४ साली सुरू झाली. ‘पैसे सरकारजमा झाले’ असे समजून लोक गप्प बसतात, परंतु तो गैरसमज आहे. खातेदाराचा आणि त्याच्या वारसांचा हक्क कायम राहतो. मागणी मूळ बँकेकडेच करायची असते. बँक पैसे देते आणि नंतर निधीतून ते परत घेते.

शोध कसा घ्यावा?

प्रथम घरातील कागद तपासावेत : पासबुके, ठेवीच्या पावत्या, जुनी चेकबुके, बँकेची पत्रे. पासबुकावरील बँकेचे नाव आज सापडले नाही तरी निराश होऊ नये. मराठवाड्यात घरोघरी माहीत असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियात, तर देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. आता चौकशी त्या बँकांकडे करावी लागते.

कागद नसल्यास रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. ते ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०२४ पर्यंत त्यावर ३० बँका आल्या. खातेदाराचे नाव आणि जन्मतारीख, पॅन किंवा मतदार ओळखपत्राचा क्रमांक यांपैकी काही दिल्यास शोध घेता येतो. आपल्या नावांची अडचण येथे ध्यानात ठेवावी. एकाच माणसाचे नाव कुठे मोहम्मद, कुठे मुहंमद, तर कुठे नुसते ‘एम. डी.’ असे लिहिलेले असते. अब्दुल रहमान आणि अब्दुर्रहेमान हे यंत्राच्या दृष्टीने दोन माणसे! स्त्रियांची खाती माहेरच्या नावानेही असतात. म्हणून सर्व प्रकारे लिहून पाहावे. पतसंस्था, पोस्ट आणि या यादीत नसलेल्या सहकारी बँका यांच्याकडे मात्र स्वतः जाऊनच चौकशी करावी.

खाते सापडल्यावर मृत्यूचा दाखला आणि वारसांची ओळखपत्रे घेऊन शाखेत जावे. नॉमिनी नसेल तर सर्व वारसांचा अर्ज व हमीपत्र लागते. रक्कम मोठी असल्यास न्यायालयाचा वारस दाखला मागितला जातो. यासाठी कोणा दलालाला टक्केवारी देण्याचे कारण नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

खरी कसोटी पैसे हाती आल्यावर लागते. नॉमिनी म्हणून बहुधा थोरल्या मुलाचे नाव असते आणि तो सारी रक्कम आपली समजतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे की नॉमिनी फक्त बँकेकडून पैसे स्वीकारतो, मालकी वारसांचीच राहते. शरीअतच्या दृष्टीनेही ती रक्कम त्याच्याकडे अमानत आहे. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिलेले आहेत.

समजा, मूळ ठेव ८०,००० रुपये आहे. मरहूमांचे कर्ज किंवा वसीयत नाही, आईवडील हयात नाहीत. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे १०,००० रुपये मिळतील. उरलेल्या ७०,००० पैकी मुलाला ३५,००० आणि प्रत्येक मुलीला १७,५०० रुपये जातील. बहिणीचे लग्न झाले, ती दूर राहते, तिने मागितले नाही, यामुळे तिचा हक्क संपत नाही.

बँकेकडून खात्याचा उतारा अवश्य मागावा. त्यावरून मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळे काढता येते. वाटणी मुद्दलाची करावी आणि व्याजाच्या रकमेबाबत जाणकार उलेमांचा सल्ला घ्यावा.

हयातीतच एक काम प्रत्येकाने करावे. आपली खाती, ठेवी, विमा आणि शेअर यांची यादी एका वहीत लिहून ती वही कुठे आहे हे पत्नीला व मुलांना सांगावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, त्याचाही लाभ घ्यावा. कष्टाची हलाल कमाई निधीत पडून राहण्यापेक्षा हक्कदाराच्या हाती पोहोचावी, एवढी तजवीज करणे आपल्या हाती आहे.