अक्कलकोटची दुरंगी लढत आणि गटाबाहेरचा मतदार

अक्कलकोट विधानसभा मतदारसंघात १९९५पासून आमदारकी काँग्रेस आणि भाजप या दोनच पक्षांत फिरत राहिली. १९९५ला भाजपचे बाबासाहेब तानवडे, १९९९ व २००४ला काँग्रेसचे सिद्धाराम म्हेत्रे, २००९ला भाजपचे सिद्रामप्पा पाटील, २०१४ला पुन्हा म्हेत्रे, तर २०१९ व २०२४ला भाजपचे सचिन कल्याणशेट्टी निवडून आले. १९९५ला राज्यात ४५ अपक्ष आमदार झाले. इथे गुलाल पक्षाच्याच उमेदवाराला लागला. २०१४ला राज्यातले चारही मोठे पक्ष स्वबळावर उतरले, तरी खरी झुंज म्हेत्रे-पाटील अशीच राहिली.

पण मतदार कोणत्या गटाचा, हे कळते कसे? अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदार नावनोंदणीतच पक्ष सांगतो किंवा आपण कोणत्याच पक्षाचे नाही असे नोंदवतो. भारतातील मतदारयादीत पक्षाचा रकाना नाही. गावात मात्र कोणते घर कोणत्या गटाचे, हे सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या पॅनेलवरून सर्वांना ठाऊक असते. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरावीक अंतरावर टेबल टाकून बसलेले कार्यकर्ते चिठ्ठी देतात आणि यादीवर खूण करतात. दोन्ही टेबलांशी बोलणारा माणूस त्यांच्या हिशेबात 'काठावरचा' ठरतो.

कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत. मतदान यंत्रे आल्यावर केंद्रनिहाय आकडे उघड होऊ लागले आणि एकाच केंद्राच्या छोट्या गावाचा कल लपेनासा झाला. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले. ते अजून अमलात आलेले नाही. गुप्त मतदानाच्या हक्कातील ही मोठी उणीव आहे, आणि तिची झळ सर्वाधिक बसते ती गटाबाहेरच्या मतदाराला.

तरीही निकाल फिरवला तो याच मतदाराने. २००९ला म्हेत्रे अगदी थोडक्यात हरले. २०१९ला त्यांना सुमारे ८२ हजार मते पडली, २०२४ला सुमारे ९८ हजार. पण पराभवाचे अंतर ३६ हजारांवरून ४९ हजारांवर गेले. म्हेत्रे गटाची मते टिकली, वाढलीही. वाढीव मतांचा मोठा वाटा मात्र भाजपकडे गेला.

२०२२च्या अखेरीस रस्ते-पाण्याच्या प्रश्नावर तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. त्या नाराजीला दोन्ही गटांत जागा मिळाली नव्हती. २०२५ मध्ये म्हेत्रे यांनी काँग्रेस सोडून एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला, आणि तीन दशके समोरासमोर असलेल्या दोन्ही बाजू राज्यातल्या एकाच महायुतीत आल्या.