चाळिशीनंतर पुन्हा श्रीगणेशा

मंडळी, परदेशातल्या आपल्या कितीतरी घरांची चूल संगणकाच्या जिवावर पेटते. त्यामुळे 'पुढच्या महिन्यापासून नवं टूल वापरायचं आहे' असं ऑफिसात कोणी सहज म्हटलं तरी आपल्या पोटात गोळा येतो. विशीत असताना अशी नवी साधनं आपण हसत-खेळत शिकलो. चाळिशीत तसं होत नाही. डोक्यात पंधरा-वीस वर्षांचं जुनं सामान गच्च भरलेलं, घरी मुलांचे क्लास, तिकडे आई-वडिलांची दुखणी, आणि वर 'आता या वयात पुन्हा शाळेच्या बाकावर बसायचं?' हा संकोच.

आणि प्रश्न नुसत्या संकोचाचा नाही. इथे अमेरिकेत एच-वन व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, तर २०१७ साली आलेल्या नियमाप्रमाणे त्याला नवी सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. दुसरीकडे, एच-फोर व्हिसावर आलेल्या आपल्या काही भगिनींना, यजमानांच्या ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्यापर्यंत गेलं असेल तर, २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला. पण आठ-दहा वर्षं घरी काढल्यावर हातात परवाना असून उपयोग काय, जर मुलाखतीत विचारलेल्या साधनांची नावंसुद्धा ओळखीची नसतील?

म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळातल्या आम्ही आठ जणांनी एक प्रयोग केला. सहा शनिवार, दर शनिवारी दोन तास, आणि आमच्यापैकी कोणालाच न येणारं एक साधन. तीन जणांच्या नोकऱ्या डळमळीत होत्या, दोन वहिनी पुन्हा कामाला लागू पाहत होत्या, एक काका निवृत्त, आणि उरलेले दोघे निव्वळ हौशी. शिकवायला होती मंडळातलीच एक कॉलेजात जाणारी मुलगी. लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत तिला बाराखडी शिकवणाऱ्या काकू आता तिच्याच वर्गात पहिल्या रांगेत वही उघडून बसल्या होत्या!

साधन निवडलं फ्लटर. हे गूगलचं. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. त्यात वापरायची भाषा डार्ट. तीही गूगलचीच, २०११ साली जाहीर झालेली. एकदा लिहिलेला प्रोग्रॅम अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतो, हा त्याचा मोठा गुण. साधन फुकट आहे. साधा विंडोजचा लॅपटॉप चालतो. फक्त आयफोनसाठी ॲप तयार करायचं असेल तर मॅक लागतो.

पहिला शनिवार मांडामांडीत जातो, हे आधीच धरून चाला. फ्लटर बसवलं की 'फ्लटर डॉक्टर' नावाची एक आज्ञा द्यायची. हा डॉक्टर तुमचा लॅपटॉप तपासतो आणि काय आहे, काय नाही याची बरोबर-चूक अशा खुणांची यादी समोर ठेवतो. नवशिक्याने इथेच घाबरून जाऊ नये. सगळ्या खुणा हिरव्या व्हायलाच हव्यात असं नाही; ज्यावर ॲप चालवायचं आहे तेवढी एक ओळ बरोबर असली की पुरे. लॅपटॉपवरचा नकली फोन फार मेमरी खातो, तेव्हा आपला खराच अँड्रॉइड फोन वायरीने जोडावा. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारायची, म्हणजे प्रोग्रॅमरसाठी लपवलेला विभाग उघडतो. तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करायचं. निवृत्त काकांना ही सात टिचक्यांची युक्ती इतकी आवडली की त्यांनी घरातल्या सगळ्यांचे फोन तसे उघडून ठेवले.

नवं साधन शिकताना आपली अडचण होते ती अशी, की आपल्याला आधी सगळं समजून घ्यायचं असतं. आपल्याला शाळेने तसंच शिकवलं: आधी व्याख्या, मग सिद्धांत, शेवटी उदाहरणं. आमच्या बाईंनी उलटा क्रम लावला. फ्लटरला नवा प्रकल्प तयार करायला सांगितलं की ते आपणहून एक छोटं ॲप देतं: एक आकडा आणि अधिकचं एक बटण. बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो, बस्स. आम्ही प्रथम ते चालवलं. मग शीर्षक बदलून मराठी केलं आणि फाइल सेव्ह केली. क्षणात फोनवर अक्षरं बदलली, आणि मोजून झालेला आकडा जागच्या जागी! याला 'हॉट रीलोड' म्हणतात. नवशिक्याला याच्याइतकं धीर देणारं दुसरं काही नाही, कारण बदल आणि परिणाम यांच्यात वाट बघावी लागत नाही.

मग बाईंनी ते मुद्दाम मोडायला लावलं. एक कंस काढा, काय होतं बघा. 'सेटस्टेट' हा शब्द काढा आणि बटण दाबा. आता गंमत अशी, की आतला आकडा वाढतो पण पडद्यावर जुनाच दिसतो. मंडळाच्या वहीत नवी वर्गणी लिहिली, पण दारावरच्या फलकावर कोणी लिहिलीच नाही, तसं. सेटस्टेट म्हणजे 'अहो, वही बदलली, फलक पुन्हा लिहा' असं सांगणं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

फ्लटरमध्ये पडद्यावरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट म्हणजे 'विजेट'. अक्षरं विजेट, बटण विजेट, इतकंच काय, दोन गोष्टींमधली मोकळी जागासुद्धा विजेट. आपला मसाल्याचा डबा आठवा: मोठ्या डब्यात वाट्या, वाट्यांत जिन्नस. वाट्या एकाखाली एक मांडल्या तर 'कॉलम', शेजारी-शेजारी मांडल्या तर 'रो'. एखादी वाटी डब्यात मावेनाशी झाली की पडद्याच्या कडेला काळे-पिवळे पट्टे दिसतात, रस्त्याच्या कामाशेजारी लावतात तसे. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एका ओळीत लिहिणाऱ्या आम्हा मराठी माणसांना हे पट्टे पहिल्याच दिवशी भेटले.

तिसऱ्या शनिवारपासून आम्ही एक खरं काम हातात घेतलं: गणपतीच्या महाप्रसादाची यादी. कोण किती माणसं येणार, कोण काय करून आणणार, एकूण पानं किती. इथे आम्हाला उमगलं की साधन नवं असतं, काम नवं नसतं. यादीत काय काय हवं, एकाच घराची दोनदा नोंद झाली तर काय, कोणी आयत्या वेळी रद्द केलं तर बेरीज कुठे बदलायची, हे सगळे प्रश्न आमच्याकडून भराभर निघाले. दोन वहिनींनी तर इतक्या अडचणी काढल्या की बाई लिहून घेत राहिल्या! दहा वर्षं घर आणि मंडळाचा स्वयंपाक सांभाळलेल्या बाईला 'अनुभव नाही' असं कोण म्हणेल?

मराठीने इथे आणखी दोन धडे दिले. काका सगळं मराठीतच टाईप करतात. त्यांनी पानांच्या रकान्यात '१२' लिहिलं आणि ॲप अडकलं. डार्टमध्ये अक्षरांचा आकडा करणारी जी नेहमीची सोय आहे, तिला देवनागरी अंक कळत नाहीत. ते आधी इंग्रजी अंकांत बदलून द्यावे लागतात. दुसरा धडा लांबीचा. 'मराठी' या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण डार्टला लांबी विचारली तर उत्तर येतं पाच, कारण काना आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. लांब नावं कापून दाखवायला गेलं की 'कुलकर्णी'चं सहाव्या खुणेवर 'कुलकर्' होतं. डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजायला 'कॅरेक्टर्स' नावाचं वेगळं पॅकेज आहे, ते वापरावं. नुसत्या इंग्रजीत काम करणाऱ्याला हे दोष कधी सापडलेच नसते.

शिकायला बसणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. धडा निवडताना त्याचं वर्ष आधी बघा. मार्च २०२१ मध्ये डार्टमध्ये मोठा बदल झाला: एखादी जागा रिकामी राहू शकते का, हे आधीच सांगावं लागू लागलं. फॉर्मवर 'फोन नंबर असल्यास' लिहितो ना, तसं. त्याआधीचे कितीतरी धडे आता जसेच्या तसे चालत नाहीत, आणि नवशिक्याला वाटतं की आपलीच बुद्धी कमी. दुसरं, ॲप दुकानात ठेवायची घाई नको. गूगलकडे एकदाच २५ डॉलर आणि ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर लागतात. शिकण्यासाठी आपला फोन पुरेसा आहे. तिसरं, हजारो डॉलर घेऊन नोकरीची हमी देणारे, वर तुमच्या अर्जात न केलेला अनुभव लिहून देणारे क्लास भेटतील. त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. खोट्या अनुभवावर नोकरी आणि व्हिसा दोन्ही जाऊ शकतात.

आता कोणी म्हणेल, हल्ली कृत्रिम बुद्धीला सांगितलं की तीच कोड लिहून देते, मग ही यातायात कशाला? आम्हीही तिची मदत घेतली, पण बाईंच्या हुकुमाने चौथ्या शनिवारनंतर. लिहून मिळालेलं आपल्या यादीला लागू पडतं की नाही हे ठरवायला ते वाचता यावं लागतं, आणि वाचायला शिकायचा रस्ता स्वतः चार ओळी लिहून, मोडून, दुरुस्त करण्यातूनच जातो.

सहा शनिवारांत कोणी फ्लटरचा जाणकार होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. एवढ्यावर नोकरीही मिळत नाही. पण अनोळखी साधन समोर आलं की काय करायचं, हे आता आम्हाला माहीत आहे: आधी जसं आहे तसं चालवायचं, मग मुद्दाम मोडायचं, लाल अक्षरांतली सूचना शेवटपर्यंत वाचायची, आणि आपलं स्वतःचं एक छोटं काम त्यात करून बघायचं. उद्या फ्लटर जाईल, दुसरं काही येईल. ही रीत तीच राहील. ज्यांच्यापाशी ६० दिवसच असतात, त्यांना त्यातले पहिले पंधरा घाबरण्यात घालवावे लागू नयेत, एवढी तरी यातून सोय होते.

यंदाची महाप्रसादाची यादी याच ॲपवर करायचं कार्यकारिणीने मान्य केलं आहे, मात्र कागदाची वहीही शेजारी ठेवण्याच्या अटीवर! दुसरी तुकडी दिवाळीनंतर सुरू करायचा विचार आहे. लॅपटॉप आपापला आणावा, चहा मंडळाचा. वयाची अट नाही आणि आधीचं काही येत असलंच पाहिजे असंही नाही.